गावच्या पिण्याच्या विहिरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामसभांत, महिला मंडळांत आणि विहिरीच्या कठड्यावर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं सरपंच, जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध ठेवायचं काम बघणारा) आणि आशाताईंसाठी आहेत, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ज्यांचं शेत, गोठा किंवा घर आहे त्यांच्यासाठी तर आहेतच. विहिरीत जे पाणी दिसतं ते त्यांच्याच जमिनीतून झिरपून आलेलं असतं.

आमच्या विहिरीचं पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे. पिढ्यान्‌पिढ्या पितोय. मग काळजी कशाची करायची?

कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो, कॉलरा यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चव नाही. खतातून आणि मैल्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचंही तसंच. गढूळ पाणी माणूस आपणहून टाळतो. नितळ पाणी मात्र बिनधास्त पितो, आणि साथ बहुतेकदा त्यातूनच पसरते.

राहिला पिढ्यांचा प्रश्न. आजोबांच्या काळात विहिरीच्या वर घरोघरी शौचालयाचे खड्डे नव्हते, उसाला गोण्यांनी युरिया पडत नव्हता, द्राक्षबागेत दर आठवड्याला फवारणी होत नव्हती. विहीर जुनीच आहे, पण तिच्या भोवतीची जमीन बदलली.

घाण विहिरीत येते कुठून? कठडा तर आहे.

तीन वाटांनी येते. पहिली वाट वरून: पावसाचं वाहतं पाणी, पडलेला पालापाचोळा, कबुतरांची विष्ठा, मळक्या दोरीचा पोहरा. दुसरी बाजूने: ओट्याला तडा गेलेला असतो, बांधकामाच्या वरच्या थरातल्या दगडांचे सांधे उघडे पडलेले असतात, आणि धुण्याभांड्याचं सांडपाणी तिथूनच परत आत उतरतं. या दोन वाटा दिसतात, म्हणून त्या बंद करणं सोपं आहे.

तिसरी वाट जमिनीखालची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याकडचा खडक म्हणजे काळा पाषाण. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक) तर कुठे अखंड कातळ. जाड मातीतून पाणी हळूहळू उतरतं तेव्हा वाटेत बरेचसे जंतू अडकतात, मरतात. पण कातळाच्या भेगेत पाणी शिरलं की ते पन्हाळीतून वाहावं तसं सरळ धावतं, गाळलं जातच नाही. म्हणून माती पातळ असलेल्या माळावरच्या विहिरीला पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत पाणी वाढतं. पाणी इतक्या लवकर पोचत असेल तर उकिरड्याचा निचराही तितक्याच लवकर पोचतो.

महाबळेश्वर, पाचगणी, कासच्या पठारांवर वर जांभा आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पठारावर सांडलेलं खालच्या झऱ्याला फार लवकर कळतं. तिथल्या गावांनी झऱ्याच्या डोक्यावरची जमीन जपायला हवी. उलट कृष्णाकाठी, पलूस-मिरजेच्या बाजूला, गाळाची खोल जमीन आहे. तिथे जंतू तुलनेने अडतात, पण शेतातलं खत आणि क्षार साठत जातात.

मग आधी काय करायचं?

विहिरीभोवती एक फेरी मारा. खरंच, पायी. सोबत विहिरीशेजारचे शेतकरी, जलसुरक्षक आणि पाणी भरणाऱ्या दोघी-तिघी घ्या. चढाच्या बाजूने जात उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा, सांडपाण्याची गटार, पडकी बोअर, खताचं गोडाऊन, फवारणीचं पाणी कालवायची जागा, जे जे दिसेल ते कागदावर काढा. जमिनीखालचं पाणी साधारणपणे जमिनीच्या उताराप्रमाणेच ओढ्याकडे सरकतं, म्हणून वरची बाजू जास्त महत्त्वाची. हा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पाण्यात काय टाकायचं याची चर्चा गावोगाव होते, पण पाण्यात काय येतंय हे बघायला फारसं कुणी जात नाही. माझ्या मते ही एक फेरी वर्षभराच्या टीसीएलइतकी (पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) मोलाची आहे.

विहिरीपासून शौचालय किती लांब हवं?

पुस्तकी उत्तर आहे किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट. मातीची जमीन असेल आणि खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीपेक्षा निदान २ मीटर वर असेल, तर हे अंतर चालतं. आपल्याकडे दोन्ही अटी नेहमी पुऱ्या होत नाहीत. भेगाळ कातळात खणलेला खड्डा ५० फुटांवर असला तरी धोक्याचाच. पाटण, जावळीसारख्या भागांत आषाढ-श्रावणात पाणी जमिनीच्या अगदी जवळ येतं. तेव्हा खड्डा आणि विहीर एकाच पाण्यात उभे असतात. म्हणून शक्य तितकं लांब, आणि नेहमी उताराच्या बाजूला. जागाच नसेल तर उथळ खड्डे घ्या, तळ चिकणमातीने बंद करा आणि बाजूंना बारीक वाळूचा थर द्या.

आणखी एक गोष्ट. गावात ज्याला ‘सेप्टिक टँक’ म्हणतात तो पुष्कळदा तळ न बांधलेला मोठा खोल खड्डा असतो. ‘आमचा टँक वीस वर्षांत भरला नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की समजावं, सगळं खाली जमिनीत जातंय. दोन शोषखड्ड्यांचं उथळ शौचालय यापेक्षा कितीतरी बरं: एक भरला की दुसरा सुरू, आणि पहिल्यातलं वर्ष-दोन वर्षांनी सुकून खत होतं. खऱ्या सेप्टिक टँकला पक्का तळ असतो. त्याचं बाहेर पडणारं पाणीही जंतूंनी भरलेलं असतं, ते उघड्या गटारीत सोडलं तर नुसती जागा बदलते.

शेजाऱ्याचा उकिरडा विहिरीला लागून आहे. पिढीजात जागा आहे म्हणतो.

जागा पिढीजात असेल, पण पावसाळ्यात तिथून निघणारा काळा निचरा विहिरीत जात असेल तर ती हलवावीच लागेल. भांडून हे होत नाही. ज्या गावांत हे झालंय तिथे ग्रामपंचायतीने आधी दुसरी जागा दिली, खड्डा खणून दिला, आणि मग उकिरडा हलला. गोठ्याचं गोमूत्र आणि धुतलेलं पाणी पक्क्या नालीने विहिरीच्या खालच्या बाजूला न्या. तिथे गोबरगॅस असेल तर उत्तमच.

चांगली विहीर कशी ओळखायची?

वरचा किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट, भाग पाणी न झिरपणाऱ्या पक्क्या बांधकामाचा असावा. पाणी खालूनच यावं, बाजूने नाही. कठडा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास. भोवती किमान एक मीटरचा सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार, आणि ओट्याचं पाणी लांब नेणारी नाली. वर झाकण, नुसती जाळी नको. जाळीने माणूस आणि जनावर वाचतं, पण पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ आत जातेच. पोहऱ्याऐवजी पंप किंवा हातपंप असावा.

पायऱ्यांच्या विहिरींबद्दल एक सांगायला हवं. लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला लोक लांबून येतात, आणि यावंच. शके १६४१ ते १६४६ मध्ये बांधलेली ती वास्तू जपलीच पाहिजे. पण पिण्याच्या पाण्यासाठी पायऱ्या धोक्याच्या. नारू हा रोग अशाच विहिरींतून पसरायचा: पायाला फोड आलेला माणूस पाण्यात उतरायचा, नारूची पिल्लं पाण्यात पडायची, आणि तेच पाणी गाव प्यायचं. पायऱ्या बुजवून, पाणी गाळून आणि हातपंप बसवून देशातून नारू गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एवढं मोठं काम ना लशीने झालं ना औषधाने. विहिरीत उतरणं थांबलं आणि पाणी गाळून पिणं सुरू झालं, म्हणून झालं.

टीसीएल किती टाकायची? आमचा शिपाई मुठीने टाकतो.

मुठीने टाकू नका. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. आलेल्या आकड्याला १००० ने गुणलं की लिटर मिळतात.

समजा विहीर ६ मीटर रुंद आहे (साधारण २० फूट) आणि पाणी ४ मीटर आहे. पाणी झालं सुमारे १ लाख १३ हजार लिटर. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला साधारण २८० ग्रॅम. पावडर जुनी असेल, पाणी गढूळ असेल तर दुप्पटही लागते. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. २० टक्क्यांच्या खालची पावडर घेऊच नका. साठवण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी, खतं आणि डिझेलपासून लांब.

टाकण्याची पद्धत: प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडरीची पेस्ट करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा. खालचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. द्रावणाची बादली दोरीने पाण्यात सोडून वरखाली हलवा म्हणजे क्लोरीन तळापर्यंत मिसळतो. मग किमान एक तास कुणी पाणी भरू नये. म्हणून हे काम रात्री किंवा पहाटे करावं.

तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर लगेच, दहा सेकंदांच्या आत, पिवळा रंग आला पाहिजे. विहिरीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावा, आणि नळयोजना असेल तर शेवटच्या घराच्या नळाला किमान ०.२. टाकीजवळचा नळ तपासून रजिस्टर भरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. रोज शेवटचं घर तपासा.

टीसीएलचा वास येतो, चहा बिघडतो म्हणून बायका ओरडतात.

त्यांची तक्रार खरी आहे, तिला उडवून लावू नका. बहुतेकदा चुना आत टाकलेला असतो, मुठीने जास्त पडलेली असते किंवा लगेच पाणी सोडलेलं असतं. मात्रा बरोबर असेल तर वास हलका येतो आणि उघड्या भांड्यात पाणी थोडा वेळ ठेवलं की कमी होतो. ओटी टेस्ट त्यांच्याच हाताने करायला द्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. ते नुसतं कागदावर राहू देऊ नका.

तपासणी कधी करायची?

जंतूंची वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. रासायनिक वर्षातून एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणा, आतून हात लावू नका, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. गावातल्या गावात एच टू एसची बाटली वापरता येते: पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं झालं तर विष्ठेचे जंतू असण्याची दाट शक्यता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये.

अहवाल आला की तो फायलीत जाऊ देऊ नका. फळ्यावर लिहा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा स्रोतांचं सर्वेक्षण करून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो, ते आपल्या गावाला कोणतं मिळालं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

नायट्रेट वाढलंय असा अहवाल आला. टीसीएल वाढवायची का?

नाही. टीसीएल जंतू मारते, नायट्रेटला तिचा काही उपयोग नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे सगळ्यांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळांना: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. अशा घरांना दुसरं पाणी त्याच दिवशी मिळालं पाहिजे. बाळाला अंगावरच पाजा आणि आशाताईंना कळवा.

हे येतं कुठून? शौचालयाच्या खड्ड्यांतून, शेणातून, आणि आपल्या पट्ट्यात उसातून. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र. सगळं युरियातून द्यायचं तर एकरी साधारण पावणेआठ गोण्या. तेही हप्त्याहप्त्याने. प्रत्यक्षात कितीतरी जण याहून जास्त टाकतात, वर पाट भरभरून पाणी देतात. पिकाने न घेतलेलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं आणि विहिरीत येतं. पैसा शेतकऱ्याचा, आजार गावाचा.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळांवर हिरवळ आली. त्या माणसांनी दुष्काळ भोगलाय, हे पाणी त्यांच्या हक्काचं आहे. पण जिथे पूर्वी बाजरी होती तिथे आता ऊस आणि द्राक्षं आहेत. पातळ माती आणि खाली भेगाळ कातळ, अशा जमिनीत भारी खतांची शेती आली की पिण्याच्या विहिरीला झळ आधी बसते. या गावांनी दरवर्षी नायट्रेट तपासलंच पाहिजे.

उपाय शेतातच आहे. ठिबकमधून थोडं थोडं खत, मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया नाही, माती परीक्षण, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला गवताचा किंवा झाडांचा पट्टा. विहिरीला लागून असलेल्या शेतकऱ्याने खत कमी करावं असं गावाला वाटत असेल तर त्याच्या ठिबकचा काही भार गावाने उचलायला हवा.

द्राक्षबागेच्या फवारणीचं काय?

पिण्याच्या विहिरीवर ब्लोअरची टाकी भरू नका, धुऊ नका, औषध कालवू नका. मोरचुदाचं पाणी, रिकाम्या बाटल्या, धुतलेली पंपं, सगळं विहिरीपासून लांब. ठिबकमधून खत-औषध सोडत असाल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. लाइट गेली की पाइपातलं औषध उलटं विहिरीत ओढलं जातं, आणि लाइट कधी जाईल ते आपल्या हातात नाही.

महापुरात विहीर बुडाली होती. आता काय?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की खालच्या गावांच्या विहिरी बुडायला लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये हे झालं. पुरात शौचालयाचे खड्डे, मेलेली जनावरं, डिझेल, औषधांची गोडाऊनं यांचं सगळ्यांचं पाणी एक होतं. तेव्हा:

विहीर लगेच वापरू नका. टँकर किंवा उकळलेलं पाणी, नाहीतर मेडिक्लोर (घरी पाण्यात घालायचं क्लोरीनचं औषध) घातलेलं. घाईने पूर्ण उपसूही नका. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो आणि विहीर ढासळते. नदी उतरू द्या, मग टप्प्याटप्प्याने उपसा.

गाळ काढायला उतरण्याआधी नीट ऐका: डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. गाळ कुजलेल्या विहिरीत प्राणवायूही कमी असतो. पेटती मेणबत्ती विझली तर उतरायचं नाही, पण ती विझली नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं. आतला बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोराने ओढा. एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातला प्रत्येक जण वाचला असता.

गाळ काढल्यावर भिंती टीसीएलच्या द्रावणाने घासून घ्या. नवीन पाणी भरू द्या, आणि त्या पाण्याला १००० लिटरला १५० ग्रॅम पावडर. ही मोठी मात्रा पिण्यासाठी नाही. २४ तास ठेवा, पाणी उपसून टाका, पण ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. परत भरल्यावर नेहमीची मात्रा, आणि प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आल्यावरच पिण्यासाठी सुरू. डिझेल-औषधाचा वास येत असेल तर टीसीएलने काम भागणार नाही, रासायनिक तपासणी करा.

बोअरचं पाणी तर खोलातलं. ते सुरक्षित ना?

केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप) कातळापर्यंत नीट बसलं असेल आणि भोवतीची फट सिमेंटने बंद असेल तरच. खर्च वाचवायला केसिंग आखूड घालतात. मग वरची घाण फटीतून थेट खाली. बंद पडलेली, तोंड उघडं असलेली बोअर याहून वाईट, कारण ती सरळ खालच्या पाण्यापर्यंत पोचते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लहान मुलांच्या अपघातांवरून अशा बोअर बुजवायला सांगितलंय. पाण्यासाठीही ते तितकंच गरजेचं आहे.

पावसाचं पाणी विहिरीत सोडून पुनर्भरण करावं का?

शेताच्या विहिरीत, गाळणी लावून, जरूर. पिण्याच्या विहिरीत शेतातलं किंवा रस्त्यावरचं पाणी थेट सोडू नका. पाणी अडवायचं ते वरच्या माळावर, चरांमध्ये, जिथून ते मातीतून गाळून येईल.

गणपती, निर्माल्य, बेंदराला बैल धुणं...

पिण्याच्या विहिरीत यातलं काहीच नाही. त्यासाठी वेगळा हौद बांधा. गावाची श्रद्धा आणि गावाचं पाणी दोन्ही राहतं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरडच्या वाटेवर माउलींची पालखी येते तेव्हा हजारो मुक्कामी माणसांची सोय करावी लागते. त्या गावांनी तात्पुरती शौचालयं विहिरींच्या खालच्या बाजूला ठेवावीत आणि पालखी पुढे गेल्यावरही आठवडाभर रोज ओटी टेस्ट करावी.

कुणी ऐकतच नसेल तर कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक विहिरीचं पाणी जाणूनबुजून घाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे. लोक ५०० मीटरचा नियम सांगतात, तो वेगळा: सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावरचं ते बंधन १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे, आणि त्याचा हेतू पाणी आटू नये हा. घाणीसाठी ग्रामपंचायतीची नोटीस, मग गटविकास अधिकारी. पण आधी ग्रामसभेचा ठराव करा. ठरावात विहिरीभोवतीच्या जागेची हद्द, तिथे काय चालणार नाही आणि कुणाला काय मदत मिळणार, हे तिन्ही लिहा.

घरोघरी नळ आले. जुनी विहीर बुजवायची का?

बुजवू नका, आणि कचराकुंडीही करू नका. टाकलेल्या विहिरीत पडलेला कचरा त्याच भूजलात जातो ज्यातून शेजारची बोअर आणि कदाचित नळयोजनाही पाणी घेते. झाकण ठेवा, वर्षातून एकदा उपसा, पावसाळ्यापूर्वी तपासा. महापुरात जॅकवेल (नळयोजनेसाठी नदीचं पाणी उचलणारी विहीर) बुडाली, वीज आठवडाभर गेली, तर उंचावरच्या त्या विहिरीवर गावाला दोरी-पोहऱ्याने का होईना पाणी मिळेल.